वर बघायचं नाही

"लॉक?" मी विचारलं.

"लॉक," सर म्हणाले.

माझ्या डोक्यावर काय होतं, तर बांबूची काठी. नव्या पोरी तालमीत आल्या की सुरुवातीला त्यांना वजनाच्या लोखंडी दांडीला हात लावू देत नाहीत, ही काठी देतात. दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळलेली, मधे घामानं काळी पडलेली. राज्याचं सुवर्ण गळ्यात घालून गावभर मिरवलेली मी, वैजयंता आवटी, दोन वर्षांनी परत आले होते आणि ती काठी धरून अशी लटलटत होते की कोपऱ्यातल्या दोन बारक्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"खिळ्याकडं बघ. वर बघायचं न्हाई."

"बघत नाही, सर."

"मग मान कशाला हलतीय?"

"दुखतंय."

"दुखू दे. मी म्हटल्याबिगर खाली यायचं न्हाई, ठाऊक हाय न्हवं? का ते पण दवाखान्यातच ठेवून आलीस?"

बऱ्याच वेळानं ते "खाली" म्हणाले. मी काठी भिंतीला टेकवली, वजनांच्या प्लेटांच्या थप्पीमागं जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. दुखत होतं म्हणून नाही. लॉक झालं म्हणून.

आमची तालीम म्हणजे सांगलीतलं हळदीचं जुनं गोदाम. दिलावर मुजावर सरांनी ते एका व्यापाऱ्याकडून मागून घेतलं होतं आणि पोरींना तिथं वेटलिफ्टिंग शिकवायचे. भिंती पिवळ्या, फरशी पिवळी, घाम आला तर तोसुद्धा पिवळा. आमच्या आयांनी आमचे टी-शर्ट धुऊन धुऊन सरांच्या नावानं बोटं मोडली होती. आरसा नव्हता. "आरशात काय बघायचंय? लगीन हाय व्हय?" असं सर म्हणायचे. समोरच्या भिंतीत एक खिळा होता, त्याच्यावर कधीकाळी घड्याळ होतं म्हणे. वजन उचलताना नजर त्या खिळ्यावर ठेवायची. वर बघितलं की मान मागं जाते, मानेमागं दांडी जाते आणि दांडीमागं तुम्ही. वर बघणाऱ्या पोरीला सर आठवडाभर झाडू मारायला लावत.

म्हणजे बघा, स्वतःची कोपरं स्वतःला कधीच दिसत नाहीत. स्नॅचमध्ये जमिनीवरची दांडी एका दमात थेट डोक्यावर घ्यायची असते आणि वर दोन्ही कोपरं सरळ लागली पाहिजेत, एकाच झटक्यात. त्यालाच लॉक म्हणतात. एक जरी वाकडं राहिलं तरी पंच वजन धरत नाहीत, मग ते आभाळाला का टेकेना. आणि लॉक झालं की नाही ते उचलणारीला कळत नाही, समोरच्याला कळतं. म्हणून आमच्याकडं पद्धत अशी की पोरीनं विचारायचं, "लॉक?" आणि सरांनी सांगायचं. सर लॉक म्हणाले की लॉक. त्यावर दुसरं मत नाही. परमेश्वराचंसुद्धा नाही.

सुवर्ण मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, राज्याच्याच स्पर्धेत माझं डावं कोपर गेलं होतं. वजन डोक्यावर असताना ते उलट्या बाजूला निघालं. आवाज अगदी साधा आला, पोळपाट सरकल्यासारखा. मग दोन ऑपरेशनं, प्लॅस्टर, तारा, परत प्लॅस्टर. प्लॅस्टर काढलं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा आहे हे मला पटेना. काटकुळा, केसाळ, आणि मधे वाकून बसलेला. डॉक्टर चांगले होते, हसून म्हणाले, "वेणी घालता येईल. घास तोंडापर्यंत जाईल. वजनांचं मात्र विसरा."

त्यांना काय जातंय विसरा म्हणायला? शाळेत मी मागच्या बाकावरची, अभ्यासात ढ, रंगानं काळी, अंगानं आडवी. मला कुणी नावानं हाक मारली ती फक्त त्या पिवळ्या गोदामात. मी खाटेवरून हात बाहेर सोडून मनगटाला पाण्याची कळशी बांधायचे आणि दातावर दात दाबून पडून राहायचे. कोपर कणाकणानं उघडायचं. आई शेजारी बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावायची आणि माझ्याकडं बघायची नाही. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घरात आम्ही दोघीच. जिवंत माणसाला असं कण्हताना ऐकायचं आणि टाके सरळ घालायचे, हे तिलाच जमायचं.

मी परत तालमीत जायचं म्हटलं तेव्हा ती आधी आठ दिवस बोललीच नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "ती जिल्ह्याची निवड कधी असते?"

"दिवाळीच्या आधी."

"त्यात निघालीस तर मी परत तोंड उघडणार नाही. तू आणि तुझं लोखंड. पण नाही निघालीस, तर तू तोंड उघडायचं नाहीस. वजनाचं नाव या घरात परत घ्यायचं नाही. मी सांगेन ते करायचं."

"चालेल."

"नीट ऐकलंस का?"

"ऐकलं की. निघणारच आहे मी."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही, मी फार खुशीत होते.

काठीवरून मी रिकाम्या दांडीवर आले, दांडीवरून बारक्या प्लेटांवर. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचे, सरांकडून किल्ली घेऊन मीच कुलूप काढायचे. कोपरावर क्रेप बँडेज गुंडाळायचे. सर म्हणायचे, "असू दे ते, गरम राहतंय." हात खाली सोडला की तो किंचित वाकडा लोंबायचा, हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. पण सर म्हणायचे, सैल असला की तसाच दिसणार, वजन आलं की ताणला जातोय. आणि मला तसंच जाणवायचं. दांडी वर गेली की आत कुठंतरी टकक् व्हायचं आणि वाटायचं, लागलं सरळ. आपलाच हात आहे, आपल्याला कळणार नाही का?

"लॉक?"

"लॉक."

रोज एवढाच आमचा संवाद. एवढ्यावर मी जगत होते.

प्रणोती चौगुले तेव्हा माझ्याच वजनगटात होती. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, हसरी, पायात स्प्रिंगा असल्यासारखी. मी दवाखान्यात होते तेव्हा माझी जागा आपसूक तिच्याकडं गेली होती, आणि त्या पोरीला त्याची इतकी लाज की मी आले की ती माझ्यासाठी वजन उचलायचा मधला ओटा सोडून कडेला जायची. आमच्या गटात जिल्ह्याकडून एकच मुलगी राज्याला जाणार होती. ती किंवा मी.

एकदा सर नव्हते तेव्हा मी तिला म्हटलं, "पणे, मी उचलते, तू बघ. डावं सरळ दिसतंय का सांग."

मी उचललं. ती माझ्या हातांकडं बघत राहिली.

"अगं, सांग की! हात गळून पडतील माझे."

"एकदम, वैजूताई," ती म्हणाली. "एकदम सरळ."

"मग रडवेली का झालीस? भीती वाटतीय व्हय, तुझी जागा घेईन म्हणून?"

"हां," ती म्हणाली, "भीती वाटतीय." मी हसून तिच्या पाठीत धपाटा घातला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

निवडीच्या आधीच्या आठवड्यात सर आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत कधी उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी, काम असलं तर रस्त्यावरून हाक मारायचे. आईनं मला बिस्किटं आणायला पिटाळलं. परत आले तर आई खाली बघून सुईत दोरा ओवत होती, आणि सर खुर्चीच्या कडेवर बसलेले, जणू एसटीची वाट बघतायत.

"काय म्हणता सर?"

"काय न्हाई. तुझ्या आईला भेटायला आलतो." ते उठले. "चहा झक्कास झाला, वहिनी."

कप तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. मला वाटलं, स्पर्धेला पाठवा म्हणून आईची समजूत काढायला आले असतील. बिस्किटं मीच खाल्ली.

निवड तासगावला होती, एका मंगल कार्यालयात. वडापच्या जीपमध्ये सर पुढं, मी आणि प्रणोती मागं. वाटेत मला एक जुनी गंमत आठवली. मी आधी खेळत होते तेव्हा पलूसकडची एक लिफ्टर होती, तिचं कोपर जन्मापासून वाकडं. आणि नियम असा आहे की ज्याचं कोपर मुळातच सरळ होत नाही, त्यानं वजनाला हात लावायच्या आधी तिन्ही पंचांना ते दाखवायचं. मग पंच तेवढी सूट देतात, वाकडं असलं तरी वजन धरतात. ती बिचारी दरवेळी ओट्यावर यायची, हात लांब करून एकेका पंचासमोर धरायची, भिक्षा मागितल्यासारखी. आम्ही पोरी मागं फिदीफिदी हसायचो. परतीच्या प्रवासात मी तिची अशी नक्कल करायचे की जीप डोक्यावर घ्यायच्या पोरी.

"आठवतंय का सर, ती पलूसची?" मी हात पुढं करून तसाच वाकडा करून दाखवला. "सगळ्यात जास्त तर तुम्ही हसायचा!"

सर पुढं रस्त्याकडं बघत राहिले. प्रणोती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, काय मेलं सुतक आहे आज, आणि गप्प बसले.

कार्यालयात आदल्या दिवशी लग्न झालं असणार. स्टेजवर थर्माकोलचे मोर तसेच होते आणि त्यांच्या मधोमध लाकडी ओटा टाकला होता. निकालाचे दिवे-बिवे नव्हते, तिन्ही पंच लाल-पांढऱ्या झेंड्या घेऊन खुर्च्यांवर बसलेले. पांढरी म्हणजे वजन धरलं, लाल म्हणजे नाही. अंग गरम करायची जागा म्हणजे कार्यालयाचं स्वयंपाकघर. भलीमोठी पातेली भिंतीला लावलेली, फरशीवर सांडलेल्या जिलेबीचा पाक, त्यावर मुंग्या. त्या मुंग्यांमध्ये मी हाताला खडूची पूड चोळत उभी राहिले. कोपराचं बँडेज काढावं लागलं, पंचांना कोपर उघडं दिसायला हवं असतं.

माझं नाव पुकारायच्या जरा आधी सर जवळ आले. माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या बुटाच्या नाडीकडं बघत होते.

"वैजे."

"काय सर?"

"जाताना पंचांना कोपर दाखव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी हसले. "का? काय झालंय माझ्या कोपराला?"

"दवाखाना झालेला हात हाय. दाखवलेलं बरं असतंय."

"वाकडं असेल त्यानं दाखवायचं, सर. माझं सरळ आहे. तुम्हीच म्हणता की रोज लॉक."

स्वयंपाकघराच्या दारातून माईकचा आवाज येत होता. पुढचं नाव माझं होतं.

"नाहीये का सरळ?" मी विचारलं.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, सगळं काही त्या एका मिनिटात होतं. वर बघितलं असतं त्यांनी माझ्याकडं, एक शब्द म्हटला असता, तर मी रडले असते, चिडले असते, त्यांना नाही नाही ते बोलले असते, आणि मग डोळे पुसून हात दाखवून आले असते. नियम होता की. वाकड्या हातालासुद्धा नियमात जागा होती. तेवढंच तर करायचं होतं.

सर म्हणाले, "बरं. नको दाखवू. जा."

मी गेले. समोर खिळा नव्हता, म्हणून मागच्या भिंतीवरच्या सुकलेल्या तोरणातलं एक झेंडूचं फूल धरलं. वाकले, दांडी धरली, ओढली, आणि काय सांगू, ती गेली! इतकी हलकी गेली की माझा मलाच विश्वास बसेना. मी खालून उठले, उभी राहिले, स्थिर. टाचसुद्धा हलली नाही. मधल्या पंचांनी वजन सोडायची खूण म्हणून हात खाली केला, मी वजन टाकलं आणि दोन्ही मुठी वर केल्या. दोन वर्षांनी! मला ओरडायचं होतं.

मग झेंड्या बघितल्या. दोन लाल, एक पांढरी.

"आंधळे आहेत का मेले?" स्वयंपाकघरात येऊन मी पातेल्याला लाथ मारली. "दगडासारखी उभी होते मी. सर, तुम्ही बघितलंत ना? तक्रार करा."

"पाणी पी," सर म्हणाले.

"कुठल्या गावचे पंच आहेत ते? त्यांची पोरगी असेल कुणीतरी गटात."

"पाणी पी, वैजे."

तेच वजन मी परत मागितलं. दुसऱ्या वेळी राग होता अंगात, त्यामुळं दांडी आणखीनच सरळ वर गेली. मी उभी राहिले. मुद्दाम जास्त वेळ उभी राहिले, घ्या बघून म्हटलं, डोळे भरून घ्या. हात खाली झाला तरी क्षणभर तशीच राहिले. टाकलं. तीन लाल.

मी ओट्यावरून उतरले. स्वयंपाकघरात प्रणोती उभी होती, पुढं तिचीच पाळी होती. मी तिच्या खांद्याला धरलं.

"खरं सांग."

ती सरांकडं बघायला लागली.

"त्यांच्याकडं काय बघतीस? माझ्याकडं बघ आणि सांग."

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माझा हात सोडवून घेऊन पळाली. रडत पळाली. तशीच ओट्यावर गेली आणि तसंच तिनं वजन उचललं. बाहेर टाळ्या पडल्या. मी तिथंच उभी होते, आणि मग मी सरांना विचारलं, अगदी हळू, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

"किती वाकडं आहे?"

सरांनी आपला हात वर केला. ढगळ शर्टाची बाही मागं गेली. त्यांनी हात डोक्यावर ताणला आणि कोपरात वाकवला. थोडासा नाही. रस्त्यावरच्या माणसालासुद्धा लांबून दिसेल एवढा.

"एवढं?"

"एवढं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं."

मुंग्या माझ्या बुटावर चढल्या होत्या. मी त्या बघत होते.

"मग लॉक काय म्हणत होता तुम्ही?"

"काठी होती गं तवा," सर म्हणाले. साठीचा माणूस, हातात माझा टॉवेल, त्याची घडी घालत होते आणि मोडत होते. "काठीला कसला आलाय लॉक? दोन वर्सांनी आलतीस. न्हाई म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असतीस काय? म्हटलं हळूहळू होईल सरळ. मग दांडी आली. काल व्हय म्हटलेलं, आज न्हाई कसं म्हणू? रोज म्हटलं, उद्या सांगतो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

त्यांनी टॉवेलची घडी परत मोडली.

पुढं गावात लोकांनी काय काय काढलं. म्हणाले, प्रणोतीसाठी केलं सरांनी, तिची वाट मोकळी केली. तसं काही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला तरी कुणी मिळालं असतं. त्या माणसानं माझ्यावर माया केली होती. त्या मायेचं काय करायचं?

"अजून एक हाय," सर म्हणाले. "दाखवून ये. दाखवलंस की धरतील. वजन तर तू उचलतीयसच की. जा, माझ्या बाई. एवढं ऐक."

शेवटची संधी होती. तिन्ही वेळा स्नॅच वाया गेला की माणूस बाद, पुढचं काही उचलायलाच मिळत नाही. आणि सरांचं खरं होतं, ताकद मला कमी पडत नव्हती. फक्त दाखवायचं आणि उचलायचं.

मी ओट्यावर गेले. डावा हात लांब केला आणि पहिल्या पंचासमोर धरला. मग मधल्या. ते म्हातारे होते, चष्म्याचा दोरा गळ्यात. त्यांनी माझं कोपर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे आधी नाही का दाखवायचं?" मग तिसऱ्या. मागं कोपऱ्यात कुणीतरी दोन पोरी खुसखुसल्या. मला वळून बघायची गरज नव्हती. त्या कशाला हसतायत ते मला पाठ होतं.

मी दांडीवर वाकले. झेंडूचं फूल शोधलं. ओढली. गेली! परत गेली, तितकीच हलकी. मी खालून उठले आणि उभी राहिले. आता धरणारच होते ते. आता वाकडं असलं तरी चालणार होतं. दोन श्वास उभं राहायचं, मधल्या पंचांचा हात खाली यायचा, आणि मग राज्य, मग तालीम, मग आई कधी तोंड उघडणार नाही. सगळं माझ्या डोक्यावर होतं आणि मला फक्त फुलाकडं बघत राहायचं होतं.

मी वर बघितलं.

आयुष्यात पहिल्यांदा. उजवा हात सरळ, आणि डावा अर्धा उघडून अडकलेल्या सांडशीसारखा. एवढे महिने मी ज्याच्या जोरावर उठत होते, जेवत होते, हसत होते, तो हा. मी त्याला सरळ करायला गेले. आपोआप गेले, कुणी ढकलल्यासारखी. मान मागं गेली, दांडी मागं गेली, आणि मी पुढं गुडघ्यांवर आले. मागं लाकडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला आणि थर्माकोलचा एक मोर पडला.

झेंड्या मी बघितल्या नाहीत.

प्रणोती निवडली गेली. परतीच्या जीपमध्ये ती सांगलीपर्यंत रडत होती, शेवटी मीच तिला म्हटलं, गप आता, डोकं दुखतंय माझं. सर पुढं बसले होते. त्यांचं टक्कल हलत होतं खड्ड्यांनी. उतरताना त्यांनी माझी पिशवी हातात दिली.

"उद्या येशील न्हवं?"

मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. मी मान हलवली, ती हो अशी होती का नाही अशी, ते माझं मलाच माहीत नव्हतं. किल्ली माझ्याच पिशवीत होती. ती मी दुसऱ्या दिवशी प्रणोतीच्या धाकट्या बहिणीकडं पाठवून दिली. त्या गोदामात मी परत पाऊल टाकलं नाही, अगदी सर गेले तेव्हासुद्धा नाही. त्यांच्या घरी गेले, तालमीत नाही.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातल्या उजेडाला एका साडीचा फॉल संपवत बसली होती. निकाल काय, हे तिनं विचारलं नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली, मग सुई कापडात तशीच टोचून ठेवली.

"पंचांना दाखवलंस का कोपर?"

मी मधल्या दारात उभी राहिले. आईनं आयुष्यात एक स्पर्धा बघितली नव्हती. स्नॅच म्हणजे काय हे तिला आजतागायत सांगता येत नाही, आणि पंचांना कोपर दाखवायचं असतं हे मी घरात कधी बोलले नव्हते. मला खुर्चीच्या कडेवर बसलेले सर आठवले, आणि साय धरलेला तो चहा.

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी निवडीत निघाले नव्हते, आणि न निघाल्यावर तोंड कुणी उघडायचं नाही ते आमचं आधीच ठरलं होतं. मी हातपाय धुतले आणि ताट वाढून घेतलं.